सेहा हँडबॉल लीग : स्थापना, विस्तार आणि २०१६-१७ चा हंगाम

सन २०११ मध्ये झाग्रेब येथे दप्तर थाटून आग्नेय युरोपीय हँडबॉल संघटनेची जी लीग कामास लागली, आणि जी सर्वत्र आपल्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सेहा’ याच नावाने ओळखली गेली, तिचा वृत्तान्त केवळ स्थापनेच्या ठरावापासून सांगू लागलो तर तो अपुराच राहील. कारण ज्या नगरांतील संघ तिने एकत्र आणले त्यांपैकी बहुतेकांचे परस्परांशी नाते त्या ठरावाहून कितीतरी जुने होते, आणि मधल्या वीस वर्षांत ते नाते तुटले म्हणूनच अशी लीग काढण्याची निकड उत्पन्न झाली होती.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हँडबॉल आपल्याकडे शालेय स्पर्धांमुळे अपरिचित राहिलेला नाही. तथापि त्याची मोजमापे ध्यानात ठेवल्यावाचून पुढील हकीकतीतला रस हाती लागणार नाही. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असे हे क्रीडांगण. प्रत्येक बाजूस सहा खेळाडू आणि एक गोलरक्षक. तीस-तीस मिनिटांची दोन सत्रे. तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच गोल, आणि त्याच्यासमोर सहा मीटरांवर आखलेली ती रेषा, जिच्या आत गोलरक्षकावाचून कोणाही खेळाडूने पाऊल टेकावयाचे नाही. मात्र रेषेबाहेरून उडी घेऊन, शरीर हवेत असेपर्यंत चेंडू फेकण्याची मुभा नियमाने दिलेली आहे, आणि या एका मुभेतच खेळाचे सारे सौंदर्य साठलेले आहे. अगदी कोपऱ्यातून झेप घेणारा विंगवरचा खेळाडू जमिनीशी जवळजवळ समांतर होत होत, गोलाचा दिसणारा अरुंद कोन हवेतच रुंद करून घेतो, समोरून हातपाय पसरून धावत आलेल्या गोलरक्षकाच्या हालचालीचा अखेरच्या क्षणापर्यंत अंदाज घेतो, आणि मनगटाच्या एका वळणाने चेंडू सोडून मग जमिनीवर कोसळतो. हे ज्याने एकवार जवळून पाहिले त्याला हा खेळ पुन्हा पाहावासा वाटल्यावाचून राहत नाही.

बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ मोकळ्या मैदानावर अकरा-अकरा गड्यांनी खेळला गेला होता. छपराखालचे सात गड्यांचे आजचे स्वरूप ऑलिंपिकमध्ये अवतरले ते १९७२ साली, म्युनिक येथे. आणि त्या पहिल्याच खेपेस अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाला २१-१६ असे हरवून सुवर्णपदक घेतले ते युगोस्लाव्हियाने. पुढे १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्या देशाच्या पुरुषांनी आणि स्त्रियांनीही सुवर्णपदक मिळवले, आणि १९८६ मध्ये पुरुषांनी विश्वविजेतेपदही हस्तगत केले. हे यश राजधानीतील एखाद्या सरकारी शिक्षणकेंद्रात घडवलेले नव्हते. झाग्रेबच्या पूर्वेकडील ब्येलोवारसारख्या लहान नगराचा पार्तिझान संघ १९७२ मध्ये युरोपीय विजेता झाला. बोस्नियातील बान्या लुका येथील बोरात्स संघाने १९७६ मध्ये तोच मान मिळवला. आणि सावा नदीकाठच्या शाबात्स या गावातील, एका कारखान्याचे नाव धारण करणाऱ्या मेटालोप्लास्तिका संघाने १९८५ व १९८६ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोप जिंकला. ज्या शाबात्सचे नाव नकाशात शोधूनच काढावे लागे, त्या गावाच्या संघात नावारूपास आलेल्या वेसेलिन वुयोविच याला १९८८ चा जगातील सर्वोत्कृष्ट हँडबॉलपटू म्हणून गौरवण्यात आले. लहान गावे थोर संघ पोसू शकत होती याचे कारण असे की, दर आठवड्यास त्यांची गाठ आपल्या तोलाच्या किंवा आपल्याहून सरस अशा संघांशी पडत असे. आणि कोणत्याही खेळाडूचा कस लागतो तो अशा नित्याच्या झुंजीतच.

नव्वदाच्या दशकारंभी युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध पेटले, आणि एकाच लीगचे तुकडे होऊन प्रत्येक नव्या राज्याची स्वतंत्र लीग उभी राहिली. व्यक्तिगत गुणवत्तेस त्यामुळे ओहोटी लागली असे मात्र म्हणता येणार नाही : झाग्रेबचा संघ १९९२ आणि १९९३ मध्ये युरोपीय विजेता ठरला, क्रोएशियाने १९९६ मध्ये अटलांटा व २००४ मध्ये अथेन्स येथे ऑलिंपिक सुवर्णपदके आणि मधल्या २००३ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले, आणि स्लोव्हेनियाच्या चेल्ये संघाने २००४ ची युरोपीय चॅम्पियन्स लीग जिंकली. परंतु घराचा पाया खचत चालला होता. प्रत्येक राज्यात एकच बलाढ्य क्लब उरला. क्रोएशियात तर राष्ट्रीय विजेतेपद जवळजवळ अखंडपणे झाग्रेबकडेच राहिले. वर्षाचे बहुतेक सामने वीस-वीस गोलांच्या फरकाने जिंकावयाचे, आणि मग युरोपातील एखाद्या कसलेल्या जर्मन किंवा स्पॅनिश संघापुढे एकदम उभे राहावयाचे, असा प्रकार सुरू झाला. अशा विजेत्यास स्वतःचे दोषही कळेनासे होतात. प्रेक्षक सभागृहाकडे फिरकत नाहीत, जाहिरातदार हात आखडता घेतात, आणि होतकरू मुलगा एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीच जर्मनीची वाट धरतो.

बास्केटबॉलच्या संघटकांनी २००१ मध्ये अॅड्रियाटिक लीग स्थापून या रोगावरचा उपाय दाखवून दिलाच होता. हँडबॉलच्या संघटकांना तो अमलात आणावयास दहा वर्षे लागली. २०११-१२ च्या पहिल्या हंगामात क्रोएशिया, मॅसिडोनिया, बोस्निया अशा एकेकाळी एकाच निशाणाखाली नांदणाऱ्या प्रदेशांतील संघ एकत्र आले, आणि त्यांच्या जोडीला आला पूर्व स्लोव्हाकियातील प्रेशोव येथील तात्रान. युगोस्लाव्हियाशी या शेवटच्या संघाचा काहीएक संबंध नव्हता. आपल्या देशात त्याला जोड उरली नव्हती, एवढेच त्याचे दुखणे होते, आणि ते इतरांच्या दुखण्यासारखेच होते. मला या घटनेचे महत्त्व फार वाटते. लीग केवळ जुन्या देशाच्या आठवणीवर उभारली असती तर ती एका पिढीपुरतीच टिकती. प्रेशोवच्या प्रवेशाने तिचा पाया समान गरजेवर घातला गेला, आणि म्हणूनच पुढे हंगेरीचा वेस्प्रेम आणि बेलारूसचा मेशकोव ब्रेस्त हे संघ तिच्यात सहजपणे सामावले गेले.

पहिले अजिंक्यपद स्कोप्येच्या वार्दार संघाने मिळवले. हा क्लब १९६१ मध्ये निघाला, आणि दोनच वर्षांनी, जुलै १९६३ मध्ये, त्याचे नगर भूकंपाने जमीनदोस्त झाले. हजाराहून अधिक माणसे त्यात दगावली. त्या ढिगाऱ्यातून पुन्हा उभ्या राहिलेल्या नगराचा हा संघ. त्याच नगरातील मेटालुर्ग हा त्याचा हाडवैरी, आणि २००३ चे विश्वविजेतेपद क्रोएशियास मिळवून देणारे लीनो चेर्वार यांनी याच मेटालुर्गचे प्रशिक्षकपद भूषवले. शाबात्सचा वुयोविच निरनिराळ्या काळी वार्दार आणि झाग्रेब या दोन्ही संघांचा प्रशिक्षक झाला. युद्धाने ज्या सीमारेषा आखल्या त्यांच्या दोन्ही बाजूंस या विद्येचे आचार्य असे मोकळेपणाने येत-जात राहिले, आणि राज्यकर्त्यांना एकमेकांशी बोलणे कठीण जात होते अशा काळातही शिष्यांना परक्या मुलखातील गुरूचे वावडे वाटले नाही. दुसऱ्या हंगामाचे जेतेपद झाग्रेबकडे गेले, तिसऱ्याचे पुन्हा वार्दारकडे. त्यानंतर २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी वेस्प्रेमने बाजी मारली.

कारभाराची बाजू खेळाइतकी आकर्षक नसली तरी संस्थेच्या इतिहासात तिला टाळून चालत नाही. प्रेशोवहून स्कोप्येस जावयाचे म्हणजे हजार किलोमीटरहून अधिक रस्ता, वाटेत हंगेरी आणि सर्बिया, आणि युरोपीय संघाची हद्द ओलांडताना पारपत्रांची तपासणी. स्कोप्येहून ब्रेस्तला जावयाचे तर त्याहूनही लांबचा पल्ला. प्रत्येक संघाने प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एक सामना स्वगृही आणि एक परगृही खेळावयाचा, आणि शेवटी पहिल्या चार संघांनी एकाच ठिकाणी, एकाच शनिवार-रविवारच्या सुमारास विजेतेपदाचा निकाल लावावयाचा, अशी दुहेरी साखळीची योजना असल्यामुळे या खर्चातून सुटका नव्हती. त्यात चॅम्पियन्स लीगचे सामने वेगळे, राष्ट्रीय संघांच्या तारखा वेगळ्या. यातून मार्ग निघावा म्हणून काही देशांच्या महासंघांनी आपल्या सेहा-संघांना देशी लीगच्या प्राथमिक फेरीतून सूट दिली, आणि हे संघ शेवटच्या टप्प्यातच मायदेशीच्या विजेतेपदासाठी उतरू लागले. ही सवलत न्याय्य होती काय, याविषयी त्या त्या देशांत मतभेद झाले. घरच्या लीगमधील लहान क्लबांना आपल्या सभागृहात देशाचा विजेता पाहावयास मिळेनासा झाला, ही तक्रार निराधार नव्हती. तथापि ती सूट दिली नसती तर लीग पहिल्या दोन वर्षांतच बंद पडली असती, असे माझे मत आहे.

पैशाचा मुख्य आधार आला तो रशियाच्या गाझप्रोम या वायुकंपनीकडून. काळ्या समुद्राखालून बल्गेरिया-सर्बियामार्गे मध्य युरोपात वायुवाहिनी नेण्याची ‘साउथ स्ट्रीम’ योजना त्या कंपनीने हाती घेतली होती; ज्या मुलखांतून ही वाहिनी आणि तिचे फाटे जावयाचे त्या मुलखांतच ही लीग खेळली जात होती, आणि काही काळ लीगच्या अधिकृत नावातही ‘गाझप्रोम साउथ स्ट्रीम’ हे शब्द समाविष्ट होते. डिसेंबर २०१४ मध्ये ती योजना रद्द झाली. साउथ स्ट्रीम गेले, गाझप्रोम मात्र राहिले. एकाच मोठ्या दात्यावर विसंबलेल्या संस्थेचे जमाखर्चाचे पुस्तक स्वच्छ दिसते, पण तिच्या पायाखालची जमीन तिची स्वतःची नसते. याचा प्रत्यय पुढे आलाच.

आता ज्या हंगामाच्या निमित्ताने हा लेख योजला त्या २०१६-१७ कडे वळू. तो सुरू होण्यापूर्वीच त्याला एक विलक्षण पार्श्वभूमी लाभली होती. २९ मे २०१६ रोजी कोलोन येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात वेस्प्रेम संघ पोलंडच्या कील्त्से संघाविरुद्ध, सुमारे पंधरा मिनिटे उरली असता, २८-१९ असा नऊ गोलांनी पुढे होता. हँडबॉलमध्ये एवढी आघाडी घेतलेला संघ हरत नसतो. त्यानंतरच्या अवधीत वेस्प्रेमला अवघा एक गोल करता आला, कील्त्सेने दहा केले, आणि साठ मिनिटांअखेर फलक २९-२९ असा लागला. जादा वेळेत तो ३५-३५ झाला, आणि सात मीटरवरील फेकींच्या निर्णयात वेस्प्रेम ३९-३८ असा हरला. बालाटन सरोवराजवळच्या या नगराने २००२ आणि २०१५ मध्येही युरोपीय अंतिम सामना गमावलेला होता. अशी जखम उरात घेऊन तो संघ शरदऋतूत सेहाच्या क्रीडांगणांवर उतरला, तेव्हा सलग दोन वर्षांचा लीगविजेता म्हणून त्याला मिळणाऱ्या मानाचे त्याला किती समाधान वाटले असेल, कोण जाणे. त्याच कील्त्से संघातील उजव्या विंगवरचा डावखुरा क्रोएशियन खेळाडू इव्हान चुपिच हा त्या उन्हाळ्यात वार्दारकडे आला.

याच वेळी खेळाचे नियमही बदलले. आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने १ जुलै २०१६ पासून लागू केलेल्या नव्या तरतुदींचा हा पहिलाच क्लब-हंगाम. वेळकाढूपणाचा इशारा पंचाने हात वर करून दिल्यानंतर आक्रमक संघास सहा पासेसच्या आत गोलावर फेक करणे बंधनकारक झाले. मैदानात वैद्यकीय उपचार घेणाऱ्या खेळाडूस आपल्या संघाची तीन आक्रमणे होईपर्यंत बाहेर बसावे लागू लागले. लेखी अहवालाची सूचना देणारे निळे कार्ड आले. परंतु या साऱ्यांहून दूरगामी ठरली ती गोलरक्षकाविषयीची तरतूद. गोलरक्षकास बाहेर बोलावून त्याच्या जागी सातवा आक्रमक उतरवण्याची सोय पूर्वीही होती, मात्र त्या सातव्याने गोलरक्षकाच्या रंगाचा अंगरखा चढवावा लागे, आणि परतीच्या अदलाबदलीत त्याच गड्याने धावत यावे लागे; आता अंगरख्याची अट गेली आणि सहांसमोर सात ही चाल प्रत्येक प्रशिक्षकाच्या भात्यात आली.

या चालीचा जोखीम-लाभ असा. सहा मीटर रेषेवर एकाऐवजी दोन पिव्हट, म्हणजे बचावफळीत घुसून उभे राहणारे आक्रमक, आले की बचावफळीतील मधले दोघे जागच्या जागी जखडले जातात, बाहेरून चेंडू फिरवणाऱ्यास कुठेतरी एक सहकारी मोकळा सापडतोच. परंतु चेंडू हातचा गेला तर मागे मैदानाच्या दुसऱ्या टोकास गोल रिकामा असतो, आणि बाकावरून उठलेला गोलरक्षक धापा टाकीत तेथे पोहोचण्यापूर्वी प्रतिस्पर्धी आपल्या गोलाजवळूनच उंच फेक करून चेंडू त्यात ठेवून देतो. त्या हंगामात या रिकाम्या गोलांत पडलेल्या फेकी पाहून अनेक जुन्या जाणकारांनी नापसंती व्यक्त केली. मला त्यांचे म्हणणे अंशतः पटते : दोन बलिष्ठ संघांमधील सामना अशा फेकीने निकालात निघाला तर मन खट्टू होते. परंतु दुबळ्या संघास बलिष्ठाविरुद्ध दोन मिनिटांच्या निलंबनाच्या काळात तग धरण्याचे एक साधन या नियमाने मिळाले, आणि सेहासारख्या लीगमध्ये, जेथे क्रोएशियातील नाशित्से या लहानशा गावचा, एका बांधकामसाहित्य-उद्योगाच्या पाठबळावर उभा राहिलेला नेक्से संघ वार्दार-वेस्प्रेमशी वर्षातून दोनदा भिडत होता, तेथे या साधनाचे मोल कमी नव्हते.

जानेवारी २०१७ मध्ये फ्रान्समधील विश्वस्पर्धेसाठी लीग थांबली. तेथे तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया समोरासमोर आले. स्लोव्हेनियाचा प्रशिक्षक होता तोच शाबात्सचा वुयोविच. क्रोएशिया एका वेळी आठ गोलांनी पुढे होता, तरी शेवटी स्लोव्हेनियाने ३१-३० असा सामना जिंकून कांस्यपदक घेतले. विश्वस्पर्धेच्या पदकासाठी या भूभागातील दोन शेजारी झगडत होते, आणि सुटी संपताच त्याच देशांचे खेळाडू पुन्हा क्लबांच्या पोशाखात एकमेकांना भेटणार होते. लीगची बैठक किती खोलवर गेली होती हे यावरून समजावे.

वार्दारचा त्या वर्षीचा संघ हा स्वतःच एक लहानसा महासंघ होता. प्रशिक्षक स्पेनचे राउल गोन्सालेस. गोलात आर्पाद श्टेर्बिक : व्हॉयव्होदिनातील सेंटा येथे जन्मलेला, पूर्वी युगोस्लाव्हियाकडून आणि नंतर स्पेनकडून खेळलेला, वेस्प्रेमच्याच गोलात आपली उमेदीची वर्षे घालवलेला. मध्यभागी क्रोएशियाचा चपळ लुका त्सिंद्रिच आणि मोस्तार येथे जन्मलेला इगोर कराचिच. डाव्या विंगवर रशियाचा तिमूर दिबिरोव. उजव्या बाजूस मागे आलेक्स दुयशेबायेव, ज्याचे वडील तालान्त हे आदल्या वर्षी वेस्प्रेमला हरवणाऱ्या कील्त्सेचे प्रशिक्षक होते. आणि सहा मीटर रेषेवर, आपल्या रुंद खांद्यांनी बचाव दुभंगणारा, घरचा मॅसिडोनियन पिव्हट स्तोयान्चे स्तोयलोव. वेस्प्रेमची मांडणीही काही कमी बहुरंगी नव्हती : हंगेरीचा लास्लो नाज, सर्बियाचा मोमिर इलिच, आणि गोलात क्रोएशियाचा मिर्को अलिलोविच, जो बोस्नियातील ल्युबुश्की या छोट्या गावचा. ज्या ल्युबुश्कीच्या इझविद्याच संघाने सेहाच्या तक्त्यात बहुधा खालचीच जागा भूषवली, त्या गावाने युरोपीय अंतिम सामने खेळणारा गोलरक्षक दिला, ही गोष्ट तक्त्यावरून कळून येत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये बेलारूसच्या ब्रेस्त नगरात चार संघांचा निर्णायक मेळा भरला. पोलंडच्या सीमेवरचे हे नगर; बाल्कन पर्वतांशी त्याचा दुरूनही संबंध नाही, आणि तरीही त्या दोन दिवसांत आग्नेय युरोपचा हँडबॉल तेथे नांदला. वार्दारने वेस्प्रेमची दोन वर्षांची सत्ता मोडून तिसऱ्यांदा लीगचे अजिंक्यपद घेतले.

परंतु या हंगामाची खरी मोजणी झाली ती जूनच्या आरंभी, कोलोन येथे. चॅम्पियन्स लीगच्या अखेरच्या चारांत बार्सेलोना आणि पॅरिस सें-जर्मेन या धनाढ्य क्लबांच्या जोडीला वार्दार आणि वेस्प्रेम होते. म्हणजे युरोपातील चार श्रेष्ठ संघांपैकी निम्मे वर्षभर सेहाच्या क्रीडांगणांवर घडलेले. वेस्प्रेमला पॅरिसने २७-२६ असे एका गोलाने रोखले. वार्दारने बार्सेलोनास २६-२५ असे हरवले, आणि ४ जून रोजी मिकेल हान्सन व निकोला काराबातिच यांच्या पॅरिसपुढे तो संघ उभा राहिला. सामना अखेरपर्यंत तराजूच्या दांडीवर होता. शेवटच्या क्षणी उजव्या विंगवरून इव्हान चुपिचने गोल केला, फलकावर २४-२३ असे आकडे आले, आणि मॅसिडोनियाच्या इतिहासात प्रथमच त्या देशाच्या पुरुषसंघास युरोपीय विजेतेपद प्राप्त झाले. चुपिचसाठी हे लागोपाठ दुसरे वर्ष आणि लागोपाठ दुसरा क्लब. या लीगच्या स्थापनेस विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप असा होता की, एवढ्या प्रवासाने आणि सामन्यांच्या भाराने संघ युरोपीय स्पर्धेपर्यंत पोहोचेतो थकून जातील. त्या आक्षेपाला २०१७ च्या जूनने जे उत्तर दिले त्यावर पुन्हा वाद राहिला नाही.

त्यानंतरच्या वर्षांची हकीकत संक्षेपाने सांगतो. वार्दारने २०१८ आणि २०१९ मध्येही लीग जिंकून आपल्या विजेतेपदांची संख्या पाचवर नेली. आणि २०१९ मध्ये कोलोनच्या अंतिम सामन्यात तर या लीगचे अजिंक्यपद भोगलेले दोन संघ, वार्दार आणि वेस्प्रेम, हेच समोरासमोर आले. वार्दारने तो सामना २७-२४ असा जिंकला. पण क्लबचा मुख्य पोशिंदा असलेला रशियन उद्योगपती सर्गेई सॅम्सोनेन्को त्याच सुमारास बाजूला झाला, आणि युरोपविजेता संघ काही महिन्यांत विखुरला : कराचिच कील्त्सेस गेला, तरुण गोलरक्षक देयान मिलोसावल्येव बर्लिनला. मार्च २०२० मध्ये महामारीने सगळीच क्रीडांगणे ओस पडली. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर युरोपीय हँडबॉल महासंघाने रशियाच्या आणि बेलारूसच्या संघांना स्पर्धांतून दूर केले. ब्रेस्तचा संघ दूर झाला, रशियन कंपनीच्या पैशावर उभा असलेला आधार डळमळला, आणि लीगच्या कक्षेत नुकताच आलेला युक्रेनचा मोटर झापोरिझ्झिया आपल्या गावी सामना खेळण्याच्याही स्थितीत उरला नाही. २०२२-२३ चा हंगाम त्याने पाहुणा संघ म्हणून जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत काढला. एकाच लीगमध्ये खेळलेले संघ युद्धाच्या दोन बाजूंस विभागले गेले, आणि ज्या भूभागाने तीस वर्षांपूर्वी हे दुःख भोगले होते त्यास ते पुन्हा पाहावे लागले.

या संस्थेने नेमके काय केले, असे कोणी विचारले तर मी अजिंक्यपदांची यादी त्यापुढे ठेवणार नाही. प्रेशोव, नाशित्से, ल्युबुश्की, स्लोव्हेनियातील वेलेन्ये अशा गावांतील शाळकरी पोराला आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आपल्याच सभागृहात, श्टेर्बिक किंवा इलिच यांच्यासारखे खेळाडू प्रत्यक्ष पाहता आले. आणि आपल्या गावच्या संघाने त्यांना चाळीस मिनिटे झुंजवलेलेही पाहता आले. हे दूरचित्रवाणीने होत नाही, आणि सर्व सामने एकाच शहरी भरवूनही होत नाही.

शेवटच्या मुद्द्याचा संबंध आपल्याशी आहे, म्हणून तो येथे मांडतो. भारतात जून २०२३ मध्ये जयपूर येथे प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला; सहा संघ होते, परदेशी खेळाडूही होते, आणि अजिंक्यपद महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने मिळवले. ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सगळे सामने एकाच सभागृहात खेळले गेल्यामुळे महाराष्ट्राच्या विजेत्या संघाचा एकही सामना महाराष्ट्रात झाला नाही. यापुढे अशी लीग चालवणाऱ्यांनी आणि राज्यातील हँडबॉलच्या संघटकांनी, संघांची संख्या वाढवण्याआधी, स्वगृही-परगृही सामन्यांची तजवीज करावी. पुणे, नागपूर, कोल्हापूर येथील सभागृहांच्या तारखा आताच मागून ठेवाव्यात, आणि प्रवासखर्चाची तरतूद एकाच दात्यावर न सोपवता अनेकांत वाटून घ्यावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.